डॅशकॅमसाठी एन्ड्युरन्स कार्ड: वेगाचा आकडा सोडा, तासांचा वाचा

डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्याच्या, पडद्यावर ‘कार्ड एरर’ झळकलं की बहुतेक जण एक तर कार्ड काढून पुन्हा घालतात, नाही तर थेट नवं कार्ड मागवतात. काढून घातल्यावर चार दिवस निभावतं. नवं कार्ड आणल्यावर कधी प्रश्न सुटतो, तर कधी महिन्याभरात तीच पाटी पुन्हा दिसते. कारण दुखणं वायरीत असतं, सेटिंगमध्ये असतं किंवा निवडलेलं कार्डच या कामाचं नसतं. खाली सॅनडिस्कची हाय एन्ड्युरन्स व मॅक्स एन्ड्युरन्स आणि सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स या सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या तीन कार्डांचा हिशेब मांडला आहे. हातातलं कार्ड फेकण्याआधी काय काय तपासायचं, तेही सोबत आहे.

साधं कार्ड डॅशकॅममध्ये लवकर का मरतं? फोनमधल्या कार्डावर दिवसाला चार फोटो, एखादा व्हिडिओ पडतो. उरलेला वेळ ते नुसतं वाचलं जातं. डॅशकॅम मात्र गाडी चालू असेपर्यंत लिहीतच राहतो. फुल एचडीला २६ एमबीपीएस बिटरेट, म्हणजे सेकंदाला २६ मेगाबिट (८ मेगाबिटांचा १ एमबी), धरला तर तासाला सुमारे ११.७ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साडेपाच तासांत भरतं आणि मग सगळ्यात जुनी क्लिप पुसून तिच्या जागी नवी पडत राहते. पुढे ४के आणि मागे फुल एचडी असा दोन कॅमेऱ्यांचा संच असेल तर दोन्ही मिळून ६० एमबीपीएसच्या घरात जातात, म्हणजे तासाला २७ जीबी. फ्लॅश मेमरीचे कप्पे ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. कार्डातला कंट्रोलर ही झीज सगळ्या कप्प्यांवर सारखी वाटतो, खराब झालेले कप्पे बाजूला काढतो आणि राखीव कप्पे कामाला लावतो. राखीव साठा संपला की कार्डाचा कारभार आटोपला. एन्ड्युरन्स कार्डांत जास्त वेळा पुसणं-लिहिणं सोसणारी मेमरी वापरलेली असते. पैसे त्याचे मोजायचे असतात.

आता पाकिटावरच्या चिन्हांबद्दल. सी१०, यू१ आणि व्ही१० या तिन्हींचा अर्थ एकच: सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. वरच्या दोन कॅमेऱ्यांच्या संचाला लागतात सेकंदाला साडेसात एमबी. म्हणजे व्ही३० कार्ड भरपूर झालं. मोठ्या अक्षरांत छापलेला १५० किंवा २०० एमबीचा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो, तोही योग्य कार्ड रीडर असेल तरच मिळणारा. ए१, ए२ ही चिन्हं फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी आहेत, डॅशकॅमला त्यांचा काडीचा उपयोग नाही. व्ही६०, व्ही९० आणि मागे टाचण्यांची दुसरी रांग असलेली यूएचएस-टू कार्डं सिनेमा कॅमेऱ्यांसाठी ठीक. डॅशकॅममध्ये ती दुसरी रांग नुसती शोभेची.

बघायचा आकडा तासांचा. सॅनडिस्क हाय एन्ड्युरन्सला कंपनी ६४ जीबीसाठी ५,००० तास, १२८ साठी १०,००० आणि २५६ साठी २०,००० तास सांगते. मॅक्स एन्ड्युरन्सला हेच आकडे ३०,०००, ६०,००० आणि १,२०,००० आहेत. सॅमसंग प्रो एन्ड्युरन्सच्या २०२२ मधल्या आवृत्तीला ३५,०४०, ७०,०८० आणि १,४०,१६०. सॅमसंगचे आकडे विचित्र वाटतात, पण वर्षाच्या ८,७६० तासांनी भागा: ४, ८ आणि १६ वर्षं. याच नावाचं २०१८ चं जुनं कार्डही अजून कुठे कुठे विक्रीला दिसतं. त्याच्या १२८ जीबीला ४३,८०० तास होते, तेव्हा घेताना मॉडेल क्रमांक आणि पाकिटावरचा तासांचा आकडा पडताळून घ्या.

हे सगळे तास फुल एचडी, साधारण २६ एमबीपीएस धरून काढलेले आहेत, आणि गोम इथेच आहे. हाय एन्ड्युरन्सचं ६४ जीबी कार्ड घ्या. रोज दोन तास गाडी, एकच फुल एचडी कॅमेरा: ५,००० तास जवळपास सात वर्षं पुरतात. तेच कार्ड पार्किंग मोडला, म्हणजे गाडी उभी असतानाही चोवीस तास चालणाऱ्या रेकॉर्डिंगला, लावलं तर सुमारे २०८ दिवस. आणि ६० एमबीपीएसचा संच चोवीस तास चालवला तर ५,००० चे २,१६७ तास उरतात, म्हणजे तीन महिने. कार्ड खराब निघालं म्हणून ओरड होते तेव्हा पुष्कळदा ते आपलं आयुष्य इमानेइतबारे जगून गेलेलं असतं. त्याच भाराखाली मॅक्स एन्ड्युरन्सचं १२८ जीबी कार्ड कागदावर तरी तीन वर्षांच्या आसपास टिकतं.

म्हणून निवड अशी. पार्किंग मोड नाही आणि कॅमेरा एकच आहे, तर हाय एन्ड्युरन्स पुरेसं आहे, त्याहून महाग कार्डावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पार्किंग मोड, ४के किंवा मागचा कॅमेरा असेल तर मॅक्स किंवा प्रो, आणि शक्यतो १२८ जीबी तरी. क्षमता दुप्पट केली की रेकॉर्डिंग जास्त दिवस मागचं मिळतं आणि तेवढंच लिखाण दुप्पट कप्प्यांत वाटलं जाऊन झीजही निम्मी होते. मॅक्स आणि प्रो यांत डॅशकॅमच्या कामासाठी फारसं डावं-उजवं करण्यासारखं नाही. तिन्ही कार्डं उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालवायची म्हणून विकली जातात, तिन्ही गरजेपेक्षा वेगाने लिहितात. फरक एवढाच, सॅमसंगची ३२ आणि ६४ जीबीची कार्डं यू१/व्ही१० आहेत, १२८ आणि २५६ ची यू३/व्ही३०. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत यू३ मागितलं असेल तर लहान क्षमतेच्या वाटेला जाऊ नका. कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, तेही तिथेच बघा. काही जुने कॅमेरे ३२ वर अडतात, काही १२८ वर.

तिन्हींतली उणीव सारखीच: किती आयुष्य उरलंय ते कॅमेऱ्यात किंवा साध्या कार्ड रीडरवर कळत नाही. घेतल्याची तारीख बारीक पेनने कार्डाच्या छापील बाजूवर लिहून ठेवणं हाच त्यावरचा इलाज. साध्या कार्डांच्या वॉरंटीतली बारीक अक्षरंही वाचा. बऱ्याच कार्डांच्या अटींमध्ये डॅशकॅम, सीसीटीव्ही यांसारखा सततच्या रेकॉर्डिंगचा वापर सरळ वगळलेला असतो.

दोष कुणाचा, कार्डाचा की कॅमेऱ्याचा?

कार्ड संगणकाला लावा आणि कोणत्या क्लिप बिघडल्या आहेत ते बघा. दर फेरीतली फक्त शेवटची क्लिप चालत नसेल, आधीच्या सगळ्या ठीक असतील, तर कार्डाला दोष देऊ नका. दोष विजेचा आहे. एमपी४ फाइल नीट वाचण्यासाठी लागणारी अनुक्रमणिका सहसा फाइल बंद होताना लिहिली जाते. गाडी बंद केल्यावर हे काम उरकायला कॅमेऱ्याला काही सेकंद वीज लागते आणि ती आतला सुपरकपॅसिटर किंवा छोटी बॅटरी पुरवते. ती थकली की फाइल अर्धवट राहते: आकार दिसतो, पण उघडत नाही. खातरजमा सोपी आहे. कॅमेरा चालू असताना प्लग उपसा. दोन-चार सेकंद टिकून आपली बंद व्हायची धून वाजवून तो झोपला तर ठीक. पडदा पटकन काळा झाला तर कपॅसिटर किंवा बॅटरी गेली. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर तीही त्याच आजाराची खूण असू शकते. तारीख मागे गेली की क्लिपांची नावंही चुकीच्या तारखेची पडतात आणि हवी ती क्लिप असूनही सापडत नाही.

विजेचाच दुसरा प्रकार म्हणजे मध्येच बंद होऊन चालू होणारा कॅमेरा. कॅमेऱ्याला ५ व्होल्टवर साधारण १ ते २ अँपिअर लागतात. गाणी लावण्यासाठी दिलेल्या गाडीच्या यूएसबी पोर्टमधून बऱ्याचदा अर्धाच अँपिअर मिळतो. त्यात लांब आणि बारीक तारेची वायर असली की व्होल्टेज आणखी पडतं, आणि ऐन लिहिताना कॅमेरा दम तोडतो. रात्री इन्फ्रारेड दिवे किंवा वाय-फाय चालू झाल्यावरच असं होत असेल तर संशयाला जागाच नाही. कॅमेऱ्यासोबत आलेला लायटर सॉकेटचा चार्जर आणि त्याचीच वायर लावून दोन दिवस बघा.

याउलट बिघडलेल्या क्लिप मधूनच कुठेही विखुरलेल्या असतील, क्लिपांमध्ये मिनिटा-दोन मिनिटांची भोकं असतील किंवा चित्र अडखळून चौकोन-चौकोन दिसत असतील, तर कार्डाकडे वळा.

‘कार्ड भरलं आहे’

लूप रेकॉर्डिंग, म्हणजे जुनी क्लिप पुसून तिच्या जागी नवी लिहिणं, चालू असताना कार्ड भरायलाच नको. भरतं ते बहुधा लॉक झालेल्या क्लिपांमुळे. धक्का ओळखणारा जी-सेन्सर हळवा ठेवला की प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक खड्डा आणि दार जोरात लावणं कॅमेऱ्याला अपघात वाटतं आणि ती क्लिप लॉक होऊन ‘इव्हेंट’ किंवा तशाच नावाच्या फोल्डरात जाते. लूप तिला हात लावत नाही. काही कॅमेऱ्यांत अशा क्लिपांची मर्यादा ठरलेली असते, काहींत नसते. मग उरलेल्या चिंचोळ्या जागेत लूप गरगरत राहतो आणि काल सकाळचंही रेकॉर्डिंग मिळत नाही. हव्या त्या क्लिप उतरवून घ्या, कॅमेऱ्यातून फॉरमॅट करा, जी-सेन्सर ‘लो’वर आणा. पार्किंग मोडची संवेदनशीलता बहुधा वेगळी असते, तीही कमी करा. लूप ‘ऑफ’ झालेला नाही ना तेही बघा. फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर सेटिंग बऱ्याचदा मूळ पदावर जातात. दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेलं कार्ड तसंच घातलं असेल तर आधीच्या कॅमेऱ्याचे फोल्डरही जागा अडवून बसतात. नव्या कॅमेऱ्याला ते आपले वाटतच नाहीत.

सारखं ‘फॉरमॅट करा’

आधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मग कॅमेरा पूर्ण बंद करून दहा सेकंद थांबा, चालू करून चार-पाच क्लिप होऊ द्या आणि त्या संगणकावर चालवून बघा. कॅमेरा फॉरमॅटच करत नसेल तर संगणकावर एसडी असोसिएशनचं मोफत ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ वापरा. ते ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना फॅट३२ आणि त्यापुढच्यांना एक्सफॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, देतं. काही कॅमेऱ्यांना मात्र ६४ किंवा १२८ जीबीवरही फॅट३२ च लागतं, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय मिळत नाही. तिथे रुफस किंवा गुईफॉरमॅट हे सॉफ्टवेअर कामी येतं. अलोकेशन युनिट ३२ किंवा ६४ केबी ठेवा आणि शेवटी कॅमेऱ्यातून एकदा फॉरमॅट कराच, म्हणजे फोल्डरांची मांडणी त्याच्या मनासारखी होते.

संगणक ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून अडत असेल तर मोठ्या ॲडॅप्टरच्या कडेची चिमुकली सरकपट्टी ‘लॉक’कडे गेली आहे का, ते आधी बघा. हसू नका, बऱ्याच कार्डांचं दुखणं तेवढंच असतं.

पट्टी जागेवर आहे, तरीही फॉरमॅट झाल्यासारखं दाखवून पुढे काहीच बदलत नाही? मग ही चाचणी करा. कार्डावरची एक क्लिप संगणकावरून पुसा. ती यादीतून जाईल. आता कार्ड ‘इजेक्ट’ करून बाहेर काढा, पुन्हा घाला. पुसलेली क्लिप आपल्या जुन्या तारखेसह जागच्या जागी दिसली, तर कंट्रोलरने कार्डाला कुलूप घातलं आहे. राखीव कप्पे संपले की कार्ड ‘फक्त वाचा’ अवस्थेत जातं. संगणकाला वाटतं लिहिलं गेलं, पण प्रत्यक्षात काहीच लिहिलेलं नसतं. यावर कोणतंही सॉफ्टवेअर, कोणताही फॉरमॅट चालत नाही. एक चांगलं, की आतलं रेकॉर्डिंग अजून वाचता येतं. ते उतरवून घ्या आणि कार्डाला रजा द्या.

कार्ड नवं, पण नकली

एन्ड्युरन्स कार्डांचेही नकली भाऊबंद फिरतात. नकली कार्डात ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, म्हणून सगळीकडे १२८ जीबी दिसतात. पहिला साधारण तासभर सगळं उत्तम चालतं. खऱ्या जागेची हद्द संपली की पुढचं लिखाण हवेत जातं. फाइलींची नावं आणि आकार मात्र व्यवस्थित दिसतात, कारण ती यादी कार्डाच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात असते. त्यामुळे उघडून बघेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून नवं कार्ड कॅमेऱ्यात जाण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, नाही तर लिनक्स आणि मॅकवर एफ३ चालवा. दोन्ही मोफत आहेत. कार्ड रिकामं हवं आणि चाचणी पूर्ण जागेची हवी. कार्ड पूर्ण भरून परत वाचलं जातं, म्हणून वेळ लागतो: सेकंदाला २० एमबीने १२८ जीबी लिहायला पावणेदोन तासांहून जास्त, वाचायला वेगळा वेळ. शेवटी एकही चूक नाही असा निकाल आला आणि लिहिण्याचा वेग १० एमबीच्या बराच वर राहिला, तर कार्ड ठेवा. एक जीबी जरी हरवल्याचं दाखवलं तरी परत करा. वजनाचा, छपाईचा, होलोग्रामचा अंदाज घेत बसण्यापेक्षा ही एक चाचणी भरवशाची. जुन्या, संशयित कार्डालाही हीच लावा. फक्त आधी रेकॉर्डिंग उतरवून घ्या.

उष्णतेचं थोडक्यात. उन्हात उभ्या गाडीच्या काचेला चिकटलेला कॅमेरा आधीच तापलेला असतो, त्यात चालू झाल्यावर स्वतःची उष्णता घालतो. दुपारी चुका आणि संध्याकाळी सगळं सुरळीत, असं दिसलं तर कार्ड बदलून उपयोग नाही. कॅमेरा आरशामागच्या सावलीत सरकवा आणि उन्हात पार्किंग मोड बंद ठेवा. बॅटरीवाल्या कॅमेऱ्यापेक्षा कपॅसिटरवाला या बाबतीत केव्हाही बरा. कार्डाच्या सोनेरी टाचण्यांवर बोटांचा तेलकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. कार्ड काढायचं ते कॅमेऱ्याचा दिवा विझल्यावर. चालू रेकॉर्डिंगमध्ये ओढलेलं कार्ड हे फाइल सिस्टिम बिघडण्याचं हमखास कारण आहे.

अपघातानंतर क्लिप सापडत नसेल तर

सगळ्यात आधी कॅमेऱ्याची वीज तोडा आणि कार्ड काढा. लूप चालू राहिला तर जी जागा वाचवायची, तिच्यावरच नवं लिखाण पडत जातं. कार्ड संगणकाला लावल्यावर विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारेल, दोन्हींना नकार द्या. आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, संगणकावर काढून ठेवा आणि पुढची सगळी खटपट त्या नकलेवर करा. पुसलेल्या क्लिप परत मिळवण्यासाठी फोटोरेक हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यातून निघणाऱ्या फाइलींना मूळ नावं नसतात, तेव्हा एकेक उघडून बघण्याची तयारी ठेवा. क्लिप आहे पण उघडत नाही, अशा एमपी४ साठी अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धड चालणारी क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. कॅमेऱ्यात टीएस स्वरूपाचा पर्याय असेल तर आजच तो निवडून ठेवा, कारण वीज अचानक गेली तरी टीएस फाइल तोपर्यंत लिहिलेली चालते.

क्लिपची लांबी एक किंवा तीन मिनिटं ठेवा. एक फाइल बिघडली तर तेवढंच जातं.

‘फक्त वाचा’ अवस्थेत गेलेलं कार्ड वॉरंटीत बदलून मिळू शकतं, पण पाठवण्याआधी एक लक्षात घ्या: ते पुसता येत नाही. तुमच्या घराचा रस्ता, येण्याजाण्याच्या वेळा, गाडीतली बोलणी, सगळं त्यात तसंच राहून दुसऱ्याच्या हाती पडतं. ते नको असेल तर वॉरंटीवर पाणी सोडा आणि कात्रीने कार्डाचे आडवे दोन तुकडे करा, चिपमधूनच काप जाईल असे.